हॉप्स नव्हे, कर्टुली

पुण्याच्या आमच्या टीममधल्या एका मित्राला बिअरचं खूळ आहे. पिण्याचं तर आहेच, पण बनवतात कशी, त्यात काय काय घालतात, कुठल्या देशात कुठली.. असं सगळं. (घरी बनवणं कायद्यात बसतं का वगैरे प्रश्न त्याला विचारायचे नसतात.) २०२४ च्या जानेवारीत एकदा जेवताना मला म्हणाला, "तुमच्या जालन्याच्या घराला अंगण आहे ना रे? हॉप्सचा वेल लाव की. बिअरचा कडूपणा त्यातूनच येतो. मी मुळं मागवून देतो."

आता अस्मादिकांना कुणी काही 'लाव' म्हटलं की आधी वाचायची खोड. एक अख्खा शनिवार हॉप्सवर गेला. आणि निष्कर्ष असा निघाला की जालन्यात हॉप्स लावणं म्हणजे कोकणात सफरचंद लावण्यापैकी आहे. वेल जगेल, चार पानं काढेल, पण ज्याच्यासाठी लावायची ती फुलोऱ्याची बोंडं धरणं कठीण. कारण थंडीपेक्षाही दिवसाची लांबी. हॉप्सची शेती मुख्यतः ३५ ते ५५ अक्षांशांच्या पट्ट्यात होते. जर्मनीच्या हालरटाऊ भागात जूनमधे सोळा तासांचा दिवस असतो, त्या उजेडात ही वेल वीस-बावीस फूट चढते आणि दिवस लहान व्हायला लागले की फुलावर येते. आपलं जालना पडलं २० अक्षांशाच्या जरा खाली. आपला वर्षातला सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा-साडेतेरा तासांच्या मधे कुठेतरी. वेलीला वाटतं उन्हाळा संपत आला, आणि ती अर्ध्या उंचीवरच आवरतं घेते. भारतात हॉप्स पिकवले गेलेत, पण ते हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात. दिवे लावून दिवस लांबवता येतो म्हणे, पण आमच्याकडे लाइट असते तेव्हा पंखा लावावा की हॉप्सला दिवा, हा प्रश्न आईपुढे मांडायची माझी हिंमत नाही :)

तर हॉप्सचा विषय तिथेच संपला. पण वाचताना एक गोष्ट डोक्यात वाजत राहिली. जमिनीखाली जिवंत राहणारं खोड, वरची वेल दरवर्षी वाळून जाते, सीझन आला की पुन्हा फुटते. नर वेल वेगळी, मादी वेल वेगळी. बी लावलं तर काय निघेल याचा भरवसा नाही म्हणून खालच्या खोडाचे तुकडे नाहीतर छाटकलमं लावायची. अरे.. हे तर कर्टुलं!

ज्यांना माहीत नाही (पुण्या-मुंबईत असे पुष्कळ भेटतात) त्यांच्यासाठी. कर्टुलं म्हणजे लिंबाएवढी, हिरवी, अंगभर मऊ काटे असलेली पावसाळी रानभाजी. कारल्याची बहीण, पण कडू नाही. कुणी करटोली म्हणतं, कुणी कंटोली, विदर्भात काटवल, गोव्यात फागलां. शास्त्रीय नाव मोमॉर्डिका डायोइका. यातला 'डायोइका' म्हणजे दोन घरं, नराचं एक नि मादीचं एक. श्रावणात जालन्याच्या मंडईत डोंगराकडच्या बायका टोपलीत घेऊन बसतात. भाव ऐकून लोक आधी पुढे जातात, मग वळून परत येतात आणि पावशेर घेतात.

आमच्याकडे ही भाजी विकत घ्यायची वेळ कधी आली नव्हती, कारण आत्या. माझी आत्या भोकरदन तालुक्यात असते, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याला. तिच्या शेताच्या बांधावर बोरी, निवडुंग आणि हेकळीची जाळी होती, आणि त्या जाळीत कर्टुली. कुणी लावलेली नव्हती. दर जुलैत तिची पिशवी यायची, कधी स्वतःबरोबर तर कधी एसटीच्या ड्रायव्हरजवळ दिलेली.

२०२४ च्या मे महिन्यात तिचा फोन आला. दिराने जेसीबी सांगितलाय, बांध काढून दोन्ही वावरं सलग करायची. काका गेल्यापासून आत्याची दोन एकर तेच करतात, उत्पन्नातला वाटा देतात. तिने नाही म्हणायचा प्रश्न नव्हता. ती एवढंच म्हणाली, "तुला ते वेलाचं खूळ लागलंय ना, सोमवारच्या आत ये."

रविवारी गेलो. मे महिन्यात कर्टुल्याची वेल नसतेच. डिसेंबर-जानेवारीत ती वाळते नि पाचोळा होऊन जाते, पहिल्या पावसापर्यंत जमिनीवर काही खूण नाही. मी कुदळ घेऊन जाळीभोवती हिंडतोय आणि आत्या उन्हात पदर डोक्यावर घेऊन दगडावर बसलेली.

"तिथं कामून खोदायलास? तिथं काही नाही. त्या बोरीखाली बघ. ते फळतं."

"आणि बाकीची?"

"बाकीची हायेत चार-पाच. त्यातलं कोणतं काय ते मला नाही सांगता येणार. फळ तोडायला मी बोरीखालीच जायची."

बोरीखाली वीतभर खोल, मातीत घट्ट बसलेला कंद निघाला. रताळं आणि सुरण यांच्या मधलं काहीतरी, मुठीएवढं. इकडेतिकडे खणून आणखी चार मिळाले. ओल्या गोणपाटात गुंडाळून एसटीने जालन्याला आणले. दुसऱ्या दिवशी तिथे काय झालं ते आत्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

जालना म्हणजे बियाण्यांचं गाव. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको काढली, १९९८ साली त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. कापूस, भेंडी, मिरची, जे म्हणाल त्याचं पाकीट इथल्या दुकानात मिळतं. कर्टुल्याचं मात्र दोन-तीन दुकानांत विचारून पाहिलं, कुणाकडेच नव्हतं. एकाने तर "बी घेऊन काय करता साहेब, कंद शोधा" असा सल्ला दिला, आणि तो बरोबर होता. याचं बी टणक कवचाचं असतं, पिकल्यावर कित्येक महिने झोपून राहतं. त्यातून उगवलंच तर नर की मादी हे फूल येईपर्यंत कळत नाही, निम्मे-निम्मे चान्स. कंदाचं तसं नाही. कंद म्हणजे तीच वेल. सरळ क्लोन. मादीचा कंद लावला की मादीच. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने 'इंदिरा कंकोडा-१' नावाचा वाणही काढलाय, हौसेने शेती करणारे तो लावतात. पण मला वाण नको होता, मला बांध हवा होता.

माती हा आमच्याकडचा खरा प्रश्न. जालन्याची काळी माती कापसाला सोनं, पण कंदाला काळ. पाणी धरून ठेवते, आणि पाणी साचलं की कंद सडतो. डोंगराच्या पायथ्याची माती मुरमाड असते, तिथून तो आलेला. म्हणून एक भाग काळी माती, एक भाग मुरूम आणि एक भाग जुनं शेणखत असं मिश्रण केलं. रंगाच्या वीस लिटरच्या रिकाम्या बादल्यांना बुडाशी भोकं पाडली, तळाला विटांचे तुकडे. कंदाचा डोळा वर ठेवून दोन-तीन इंच खाली पुरायचा, बस. बोरीखालचा कंद मात्र कंपाउंडच्या भिंतीलगत जमिनीत लावला. आईचं म्हणणं, 'बांधावरचं ते, बादलीत कशाला.' पाऊस पडेपर्यंत पाणी अगदी बेताचं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाचातले चार फुटले. इथे जरा गणित. एक वेल मादी हे आत्याने सांगितलेलं. उरलेल्या तीनपैकी निदान एक तरी नर हवा, नाहीतर फळ नाही. तिन्ही मादी निघायची शक्यता एक अष्टमांश, म्हणजे काम फत्ते व्हायची साडेसत्त्याऐंशी टक्के. प्रॉडक्शनला यापेक्षा कमी भरवशावर रिलीज गेलेले मी पाहिलेत. निकाल: तिन्ही नर. चार वेलींत एक मादी. आमच्या इंजिनिअरिंगच्या मेकॅनिकलच्या वर्गाची आठवण झाली.

ओळखायचं कसं ते सांगतो, कारण हे कळलं की सगळं सोपं आहे. दोन्हीची फुलं पिवळी. नराच्या फुलाखाली, देठावर, पदर घेतल्यासारखं एक मोठं हिरवं पान फुलाला कवेत घेऊन असतं. मादीच्या फुलाखाली ते पान नावापुरतं, पण तिथे एक चिमुकलं काटेरी कर्टुलं आधीच तयार असतं. फूल म्हणजे त्या कर्टुल्याच्या डोक्यावरची टोपी. परागीभवन झालं तर ते वाढतं, नाही झालं तर तीन-चार दिवसांत पिवळं पडून गळतं.

पहिल्या आठवड्यात सगळी गळली. याची फुलं संध्याकाळी उमलतात, तिन्हीसांजेला, आणि त्यांच्यावर येतात ते रात्रीचे पतंग. मधमाशा तोवर घरी गेलेल्या असतात. बांधावर अंधार होता, जाळी होती, पतंग होते. आमच्या कॉलनीत पतंग आहेत, पण ते सगळे कोपऱ्यावरच्या पालिकेच्या एलईडीभोवती. मग ते काम माझ्याकडे आलं. नराचं ताजं उमललेलं फूल तोडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या, आणि पुंकेसर मादीच्या फुलाच्या मधोमध हलकेच टेकवायचे. एका नराच्या फुलात दोन-तीन माद्या होतात. आता योगायोग बघा, फुलं उमलायची वेळ साधारण सात, आणि अमेरिकेतल्या क्लायंटचा रोजचा कॉलही सातचा. जुलै-ऑगस्टचे कित्येक स्टेटस अपडेट मी कानात इयरफोन, स्वतः म्यूट आणि हातात नर फूल अशा अवस्थेत ऐकलेत. एकदा म्यूट काढून बोलायची पाळी आली तेव्हा आई शेजारून मोठ्याने म्हणाली, "ते वरचं राहिलं बघ." पलीकडे कुणाला मराठी येत नाही हे त्यातल्या त्यात बरं.

पंधरा दिवसांत पहिली सात कर्टुली. काटे अजून मऊ आणि बी कोवळं असतानाच तोडायची. वेलीवर पिकू दिली तर केशरी होऊन फुटतात, आत लाल गर. (दोन मुद्दाम पिकू दिली. पक्ष्यांना काहीतरी मिळायला हवं.) भाजी मात्र एकच प्रकारे: गोल चकत्या, तेलात मोहरी-जिरं-कांदा, झाकण न ठेवता परतायच्या, वरून तिखट आणि शेंगदाण्याचा कूट. ज्वारीची भाकरी. यावर कुणी बटाटा घालून वाढवलेली भाजी समोर ठेवली तर मी जेवून घेईन, पण मनातून नाव ठेवीन.

आता एक प्रसंग. त्या वर्षी पंचमीला आत्या आमच्याकडे होती. आईच्या माहेरचे एक नातेवाईक आलेले, त्यांना झाडपाल्याची बरीच माहिती. अंगणात हिंडता हिंडता भरगच्च फुललेल्या आणि एकही फळ नसलेल्या वेलीपाशी थांबले. "अरे, ही तर वांझ कर्टोली. उपटून टाक. नुसती जागा अडवते."

ते चुकीचं नाव सांगत नव्हते. नराच्या वेलीला खरंच वांझ कर्टोली म्हणतात. संस्कृतात कर्कोटकी, आणि आयुर्वेदात वंध्याकर्कोटकी म्हणून जी येते ती हीच नर वेल असं बरेच जण मानतात. तिचा कंद औषधात जातो. पण आत्या ओट्यावर पंचमीची पुरणाची दिंडं उकडायला ठेवत होती, आणि आत्याला मूलबाळ नाही. तो शब्द आमच्या घरात कुणी वापरत नाही. कुणी ठरवलं नव्हतं, पण वापरत नाही. आईने माझ्याकडे पाहिलं. मी पाहुण्यांना विषय बदलायला काहीतरी दाखवायला निघालो, तेवढ्यात आत्याच आतून म्हणाली,

"गडी हाय तो, भाऊ. गडी. त्याला कामून वांझ म्हणता?"

पाहुणे हसले. म्हणाले, नाव आहे तसं. आत्या हात पुसत बाहेर आली. "नाव ठेवणाराला फळ दिसलं नाही म्हणून बाईचं नाव ठेवलं. आमच्याकडं औषधवाले यायचे. वांझेचा कंद पाहिजे म्हणून खणून न्यायचे. सगळे नेले एका साली. मग दोन वरीस बोरीखालचं बी फळलं नाही. तवा समदे म्हणले, तेबी वांझ झालं."

एवढं बोलून ती आत गेली. दिंडांच्या पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज जरा मोठा आला, बाकी काही नाही. मी ती तीनही नर वेली तशाच ठेवल्या. एक पुरेशी असते खरं तर. शेतात लावताना आठ-दहा माद्यांमागे एक नर ठेवतात.

(हॉप्सचं बरोबर उलट आहे. तिथे बी धरलेलं बोंड नको असतं, म्हणून जर्मनीतल्या हॉप्सच्या पट्ट्यात नर वेल दिसली की काढून टाकतात. म्हणजे नर तिथेही उपटला जातो. पण निदान नर म्हणूनच.)

२०२५ च्या मार्चमधे भिंतीलगतच्या मादीची माती उकरली. मूळ कंदाला बाजूने आणखी दोन फुगवटे आलेले. मूळ कंदाला हात लावला नाही, बाजूचे दोन धारदार सुरीने, प्रत्येकाला निदान एक डोळा राहील असे कापले. कापलेल्या जागेला राख लावून दोन दिवस सावलीत सुकवले नि बादल्यांत लावले. शिवाय जुलैत छाटकलमं करून पाहिली. मादी वेलीचे दोन-तीन पेरांचे बारा तुकडे, खालचं टोक मुळं फुटायच्या पावडरीत बुडवून ओल्या वाळूत, वरून प्लॅस्टिकची पिशवी. बारातले चार जगले. हा आकडा चांगला की वाईट हे जाणकारांनी सांगावं, मला तर मुलाच्या पहिल्या पगारासारखा आनंद झाला. कटकट एकच, फळमाशी. कोवळ्या फळात अंडी घालते, वरून फळ चांगलं दिसतं आणि आत अळी. क्यू-ल्यूरचा एक सापळा लावला, त्याने पुष्कळ आटोक्यात येते.

मग तो सप्टेंबर. २०२५ चा सप्टेंबर मराठवाड्यात कुणी विसरेलसं वाटत नाही. आपल्याकडे पाऊस म्हणजे वाट बघायची गोष्ट, तो असा बेभान झाला की सोयाबीन उभं कुजलं आणि कपाशीत पाणी शिरलं. आत्याचं वावरही गेलं. सलग केलेल्या त्या रानातून पाणी अडायला मधे काही नव्हतं, वरची माती घेऊन खाली उतरलं. दीर फोनवर म्हणाले, बांध असता तरी एवढ्या पावसात टिकला नसता. असेलही तसं.

आमच्या अंगणात भिंतीलगत चार दिवस पाणी तुंबून होतं. बोरीखालचा तो मूळ कंद सडला. ऑक्टोबरमधे उकरलं तर हाताला नुसता लगदा लागला, वास भयंकर. बादल्यांतले मात्र सगळे शाबूत, खाली भोकं होती. आत्याला फोनवर सांगायला मला दोन दिवस लागले. ती म्हणाली, "त्याची लेकरं हायेत ना बादल्यात? मग झालं." कंदाच्या तुकड्यांना लेकरं म्हणायचं हे तिचंच.

आता त्या सगळ्या बादल्या वरून रिकाम्या दिसतात. कामाला येणाऱ्या मावशींनी दोनदा विचारलं, ही माती टाकून देऊ का. प्रत्येकीवर ऑइलपेंटने 'न' किंवा 'म' लिहून ठेवलंय. माद्या सहा, नर तीन. ऑफिसने महिन्यातले दोन आठवडे पुण्यात बसायचं ठरवल्यापासून पाण्याचं वेळापत्रक आईकडे आहे: वेली झोपलेल्या असेपर्यंत पंधरा दिवसांतून एकदा, तेही तांब्याभर.

जूनच्या आधी यातल्या दोन माद्या आणि एक नर भोकरदनला जाणार. आत्याच्या वाट्याला विहिरीजवळची कोपऱ्यातली जागा आहे, नांगर तिथे वळत नाही, तिथे चार बांबू आणि तारेचा मांडव करायचा ठरलंय. परवा तिच्या दिरांनीही निरोप पाठवला, आम्हालाही एक द्या म्हणावं. मी आत्याला विचारलं, त्यांना कुठली देऊ?

"त्याला वांझ दे," ती म्हणाली, आणि फोनवर बराच वेळ हसत राहिली.